मॅक्सिमाची मराठी पुस्तिका: उत्तरं नेमकी कुठल्या पडद्यासारखी छापू?

गणित_मास्तर

नमस्कार मंडळी. मोबाइलवरून लिहितोय. दर शब्दाला कीबोर्ड बदलायचा कंटाळा, म्हणून कमांडची नावं उच्चाराप्रमाणे देवनागरीतच लिहितो, सांभाळून घ्या.

कोकणातल्या एका तालुक्याच्या गावी कॉलेजात गणित शिकवतो. एस.वाय.च्या प्रॅक्टिकलला आम्ही मॅक्सिमा वापरतो, म्हणजे बीजगणित-कॅल्क्युलस अक्षरांत सोडवून देणारं सॉफ्टवेअर. फुकट आहे, जुन्या मशीनवर कुरकुर न करता चालतं, आणि इंटिग्रेशन मुलांच्या डोळ्यांसमोर करून दाखवतं. मॅन्युअल इंग्रजीत, जाडजूड. मुलं पहिल्या पानालाच हात जोडतात. म्हणून मे महिन्याच्या सुट्टीत बसून मराठीत ४० पानांची पुस्तिका लिहिली. मराठीचं काही अडलं नाही. अडलं ते भलतीकडेच: कमांड दिल्यावर येणारं उत्तर कागदावर कसं छापायचं?

लॅबमध्ये २२ मशीन आहेत. १२ वर विंडोज आणि डब्ल्यूएक्स-मॅक्सिमा (मॅक्सिमाचंच खिडक्या-बटणांचं रूप). ८ वर लिनक्स आणि नुसतं काळं टर्मिनल. २ बंद, आणि ती बंदच राहणार. शिवाय निम्म्या मुलांनी मोबाइलवर ॲप टाकलंय. म्हणजे एकच कमांड आणि उत्तराचे तीन अवतार. डब्ल्यूएक्समध्ये पुस्तकातल्यासारखा सुबक अपूर्णांक, वर नीट बसलेला घातांक, गोल पायचं चिन्ह. टर्मिनलमध्ये तेच उत्तर अक्षरं आणि रेघा मांडून चार ओळींत काढलेलं. मी त्याला ठिपक्यांची रांगोळी म्हणतो. एक ठिपका सरकला की सगळं गेलं.

पहिल्या आवृत्तीत मी रांगोळीच छापली होती, कारण अधिकृत मॅन्युअलमध्येही तशीच आहे. मग एकाने त्यातलं उत्तर वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकलं. मूळ उत्तर होतं असं:

```
 २
य  + १
```

त्याच्या डावीकडे टक्का-ओ-१ हे उत्तराच्या क्रमांकाचं लेबल आणि बरीच मोकळी जागा. व्हॉट्सॲपच्या फॉन्टमध्ये मोकळी जागा अरुंद, अक्षरं रुंद. वरचा २ घरंगळत पार डावीकडे लेबलच्या डोक्यावर जाऊन बसला. दुसऱ्या दिवशी सात जणांच्या जर्नलमध्ये उत्तर: य + १. विचारलं, अरे वरचा दोन कुठे गेला? म्हणे, "सर, तो प्रश्न क्रमांक आहे ना?"

मग दुसऱ्या आवृत्तीत सगळं छान टाइपसेट केलं. पुस्तकासारखं दिसावं म्हणून टक्का-ई (मॅक्सिमात २.७१८… हा स्थिरांक असा लिहितात) मधला टक्का मीच उडवला आणि नुसता सुबक ई ठेवला. मुलांनी ते पाहून नुसता ई टाइप केला. मॅक्सिमाला टक्क्याशिवायचा ई म्हणजे कुठलंही एक अक्षर. त्यामुळे ईचा एक्स-घात डिफरन्शिएट केल्यावर मागे गुणिले लॉग ई असं शेपूट आलं. चूक म्हणावी तर ते बरोबरच आहे! पण मुलांचा तासभर गेला, आणि चूक माझी.

तिसरी गंमत. डब्ल्यूएक्समध्ये कमांडच्या शेवटी अर्धविराम दिला नाही तरी ते स्वतःच लावून घेतं. टर्मिनलमध्ये नाही दिला तर मॅक्सिमाला वाटतं, वाक्य अजून पुरं व्हायचंय. पुस्तिकेतली इनपुट मी डब्ल्यूएक्सवरून उचललेली, बिनअर्धविरामाची. टर्मिनलवरचा एक मुलगा एंटर मारून दहा मिनिटं शांत बसला होता. "विचार करतंय सर ते."

आता तिसरी आवृत्ती काढायची आहे, ६० प्रती. झेरॉक्सवाला गणपतीच्या आधी देतो म्हणालाय. कुठला अवतार छापू? तिन्ही छापले तर ४० ची ८० पानं होतील, आणि पैसे मुलांच्याच खिशातून जातात.

टेक्स_वेडा

मास्तर, पोटतिडकीने लिहितोय, कारण पोट याच धंद्यावर चालतं. पुण्यात एका कंपनीत सॉफ्टवेअरची मॅन्युअलं लिहितो.

आधी ही रांगोळी आली कुठून ते सांगतो, म्हणजे तिच्यावरचा राग थोडा कमी होईल. मॅक्सिमाची आई मॅक्सिमा नव्हे, मॅक्सिमा ही लेक. आई मॅकसिमा. एमआयटीत १९६८ साली काम सुरू झालं. तेव्हा उत्तर दाखवायला होता टेलिटाइप किंवा अक्षरांचा पडदा. एका जागी एक अक्षर, सगळ्यांची रुंदी सारखी. त्या पडद्यावर अपूर्णांक अपूर्णांकासारखा काढणं ही तेव्हा चैन होती. पुढे विल्यम शेल्टर यांनी १९८२ पासून मॅकसिमाची एक प्रत एकट्याने सांभाळली, १९९८ मध्ये ती जीपीएल या मुक्त परवान्याखाली खुली करायची परवानगी मिळवली, आणि २००१ मध्ये ते गेले. आज आपण वापरतो ती हीच प्रत. मॅन्युअलमधली रांगोळी त्या पडद्यासाठी बरोबरच होती. पडदा गेला, रांगोळी राहिली.

आता तुमचं. माझ्या मते कागदावर दोनच गोष्टी पवित्र: मुलाने काय टाइप करायचं, आणि उत्तराचं एका ओळीतलं रूप. डिस्प्ले-टू-डी हा स्विच फॉल्स केला की मॅक्सिमा उत्तर एका ओळीत देतं. भागाकाराला तिरकी रेघ, घाताला टोपी, गुणाकाराला तारा. दिसायला भिकार आहे, मान्य. पण ते कुठल्याही पडद्यावर, कुठल्याही फॉन्टमध्ये, व्हॉट्सॲपवरसुद्धा मोडत नाही. आणि मुख्य म्हणजे तेच उत्तर उचलून पुढच्या कमांडला देता येतं. रांगोळी परत खायला घाला बघू मॅक्सिमाला, ओकून टाकेल. टक्का-ई मधला टक्काही तिथे शाबूत राहतो, तुमचा लॉग ई चा घोळ होणारच नाही.

त्याच्या खाली, जिथे गणित म्हणून उत्तर *पाहायचं* आहे, तिथे टाइपसेट रूप द्या. सगळीकडे नको. वर्ग अधिक एकला कशाला? पण एक भागिले, कंसात एक अधिक एक्सचा घन, याचं इंटिग्रेशन असेल तर द्याच, कारण त्यात दोन लॉग, एक आर्कटॅन आणि वर्गमूळ तीन आहे, आणि एका ओळीत ते वाचताना बीएस्सीचा काय, एमएस्सीचाही जीव जाईल.

रांगोळीला पहिल्या प्रकरणात एक पान द्या. "तुमच्या पडद्यावर असं दिसलं तर घाबरू नका, हे तेच आहे." त्या पानावर इंटिग्रलचं चिन्ह नक्की दाखवा. मॅक्सिमाला इंटिग्रेट करता आलं नाही की साध्या अक्षरांच्या टर्मिनलमध्ये ते पाच ओळींत उभं राहतं: वर तिरकी रेघ, मग चौकोनी कंस, मग कॅपिटल आय, मग उलटा चौकोनी कंस, खाली पुन्हा तिरकी रेघ. न सांगता कुणालाही ओळखू येणार नाही.

आणि पीडीएफ वाटणार असाल तर एक काळजी घ्या. टाइपसेट करताना सरळ अवतरणचिन्हाचं वळलेलं होतं, टोपीची भलतीच टोपी होते. मुलं पीडीएफमधून कॉपी करतात, मॅक्सिमा सिंटॅक्स एरर देतं, शिव्या तुम्हाला. टेक्सइन्फोमध्ये (मॅन्युअलं लिहायची एक पद्धत, मॅक्सिमाचं मॅन्युअलही त्यातच आहे) यासाठी कोड-कोट-अनडायरेक्टेड नावाची खास सोय ठेवावी लागली, यावरून रोग किती जुना ते कळेल.

खडू_फळा

३१ वर्षं शिकवलं, आता निवृत्त. तुमची एवढी धडपड वाचून बरं वाटलं, पण एक विचारू का? उत्तर छापायचंच कशाला? कमांड छापा, खाली रिकामा चौकोन ठेवा. पोराने आपल्या पडद्यावर जे दिसलं ते हाताने त्यात लिहावं. रांगोळी दिसली तर रांगोळीचं गणितात रूपांतर करून लिहावं. तेच खरं प्रॅक्टिकल. छापील उत्तर दिलंत की पोरं मशीन चालूच करत नाहीत, पुस्तिकेवरून जर्नल उतरवतात. तुमच्या त्या सात जणांनी तरी मशीन चालवलं होतं का? व्हॉट्सॲपवरून उतरवलं, म्हणून तर सापडले.

गणित_मास्तर

@खडू_फळा सर, वर्मावर बोट ठेवलंत. सातही जणांनी मशीनला हात लावला नव्हता. स्वाध्यायांना रिकामा चौकोन नक्की करतो. पण सोडवलेल्या उदाहरणांना उत्तर लागेलच. पोरगं घरी एकटं बसलेलं असतं, आपलं बरोबर आलं की नाही हे विचारायला कुणी नसतं. आणि हाताने लिहून घेण्यातली एक अडचण: मागच्या वर्षी एक्स्टर्नल आले होते, त्यांनी दोन मुलींना टोकलं की तुमच्या दोघींची उत्तरं वेगळी कशी? एकीने डब्ल्यूएक्सवर केलेलं, दुसरीने टर्मिनलवर. गणित तेच होतं. मला मध्ये पडून समजवावं लागलं.

@टेक्स_वेडा, एका ओळीचं पटलं. पण स्क्रीनशॉट? डब्ल्यूएक्सचे रंगीत स्क्रीनशॉट टाकले तर मुलांना आपलं घर ओळखीचं वाटतं.

टेक्स_वेडा

पहिल्या प्रकरणात दोन-तीन टाका, बटणं कुठे आहेत ते दाखवायला. उत्तरासाठी नको. झेरॉक्समध्ये घातांक काळा ठिपका होतो, हे तुम्हाला मी सांगायला नको. शिवाय स्क्रीनशॉट शिळा होतो. मॅक्सिमात पूर्वी इनपुटला सी-१ आणि उत्तराला डी-१ अशी लेबलं असायची, मग टक्का-आय, टक्का-ओ आली. मजकूर असेल तर शोधून बदलता येतो. चित्रातलं लेबल कसं बदलणार?

नोटबुकवाला

मी पायथनच्या बाजूचा, सिमपाय (मॅक्सिमासारखंच, पण पायथनमधलं) वापरतो, पण दुखणं तेच आहे म्हणून लिहितो.

ज्युपिटर नोटबुकमध्ये (ब्राउझरमध्ये कोड आणि उत्तर एकत्र दिसणारी वही) याचं उत्तर मला आवडतं. तिथे एखादं उत्तर फाइलमध्ये एकाच रूपात साठवलेलं नसतं. साधा मजकूर आणि लाटेक (सुबक गणित छापायची भाषा) अशी दोन्ही रूपं शेजारी शेजारी असतात, आणि दाखवणारा पडदा आपल्याला झेपेल ते उचलतो. ब्राउझरला लाटेक झेपतं, टर्मिनलला मजकूर. सिमपायचं इनिट-प्रिंटिंगही तसंच, कुठे चालतंय ते बघून ठरवतं. म्हणजे "कुठला अवतार छापू" हा प्रश्न लेखकाने सोडवायचाच नाही. लेखकाने गणित द्यायचं, अवतार पडदा ठरवेल.

कागदाला ही सोय नाही, हे कबूल. पण मास्तरांना एक सल्ला: उत्तरं हाताने टाइप करू नका. कध्धीच नाही. पायथनमध्ये डॉकटेस्ट म्हणून प्रकार आहे: मॅन्युअलमधलं उदाहरण खरंच चालवून बघतो आणि छापलेल्या उत्तराशी अक्षर अन् अक्षर ताडून पाहतो. एक जागा जास्त पडली तरी बोंब मारतो. म्हणूनच सिमपायच्या मॅन्युअलमध्ये बहुतेक उदाहरणांत साधं एका ओळीचं उत्तर दिसतं. ते ताडायला सोपं. मॅक्सिमावालेही काही कमी नाहीत. त्यांच्या मॅन्युअलच्या टेक्सइन्फो फायली उघडून बघा: उदाहरणाच्या वर कॉमेंटमध्ये बेग आणि एंड अशा खुणा आणि त्यांच्या मध्ये फक्त इनपुट ठेवलेलं असतं. स्क्रिप्ट ते इनपुट चालवते आणि खालचं उत्तर नव्याने भरते. तुम्हीही सगळ्या कमांड एका फाइलीत ठेवा, बॅच मोडमध्ये (अख्खी फाइल एका दमात) चालवा, येईल ते पुस्तिकेत घाला. पुढच्या वर्षी मॅक्सिमा अपडेट झालं तर पुन्हा चालवा. दहा मिनिटांचं काम.

(आणि हो, रांगोळीच्या ओळीत मराठी टीप लिहू नका. क्ष दिसायला एक अक्षर, पण युनिकोडमध्ये तीन: क, हलन्त आणि ष. मोजणी बोंबलते आणि उजवीकडचं सगळं तिरकं होतं.)

ऐकून_शिकते

खूप दिवसांनी इथे लिहितेय. मला दिसत नाही. नागपूरला एमएस्सी करते, संख्याशास्त्रात. पडद्यावरचं मोठ्याने वाचून दाखवणारा स्क्रीन रीडर वापरते, एनव्हीडीए.

मास्तर, तुमची रांगोळी मला कशी ऐकू येते ते सांगते. वर टेक्स_वेडा यांनी इंटिग्रेशनचं जे उदाहरण दिलंय, एक अधिक एक्सचा घन वालं, ते मॅक्सिमाच्या मॅन्युअलमध्येच आहे. स्क्रीन रीडर ओळीने वाचतो, डावीकडून उजवीकडे, वरून खाली. त्यामुळे पहिल्यांदा कानावर येतं: "दोन एक्स वजा एक." कशातलं, कुठलं, पत्ता नाही. पुढची ओळ: "दोन, आर्कटॅन, कंस, डॅश डॅश डॅश डॅश..." सात डॅश. मग तिसरी ओळ: "लॉग, कंस, एक्स वजा एक्स अधिक एक."

एक्स वजा एक्स! घातांकाचा दोन वरच्या ओळीत आधीच वाचून झालेला असतो. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी वहीत (म्हणजे माझ्या ब्रेल वहीत) खरोखर लॉग एक लिहिलं आणि शून्य म्हणून ती टर्म खोडली. माझ्या सरांना वाटलं, मला गणित येत नाही.

डिस्प्ले-टू-डी फॉल्स कुणी तरी सांगेपर्यंत एक अख्खं सेमिस्टर गेलं. एका ओळीचं उत्तर तुम्हाला भिकार दिसत असेल, मला ते सरळ ऐकू येतं. "लॉग, कंस, एक्स टोपी दोन वजा एक्स अधिक एक, कंस पुरा, भागिले सहा." लांब आहे, पण खोटं नाही.

टाइपसेटचं म्हणाल तर ते चित्र असेल तर माझ्यासाठी कोरा कागद. पीडीएफमधलं गणितही बहुतेक वेळा तुकडे तुकडे होऊन येतं. मॅथएमएल (वेबपानावर गणित लिहायची खूणभाषा) असलेलं वेबपान मात्र छान चालतं. एनव्हीडीएसोबत गणित वाचणारं मॅथकॅट असलं की अपूर्णांकात आत शिरून अंश वेगळा, छेद वेगळा ऐकता येतो. फायरफॉक्समध्ये मॅथएमएल पूर्वीपासून होतं, क्रोममध्ये जानेवारी २०२३ ला १०९ व्या आवृत्तीत आलं. डब्ल्यूएक्समध्ये उत्तरावर राइट क्लिक केलं की मॅथएमएल म्हणून कॉपी करायची सोय आहे, असं माझी मैत्रीण सांगते. ती मला तशी पाठवते.

तुमच्या ६० प्रतींत माझ्यासारखं कुणी नसेल कदाचित. तरी पुस्तिकेची वेबपानाची फाइल असेल तर मला पाठवाल का? मराठीत मॅक्सिमा मी अजून कधी ऐकलेलं नाही.

खडू_फळा

"लांब आहे, पण खोटं नाही." वा, पोरी. माझा रिकामा चौकोन मागे घेत नाही, पण सोडवलेल्या उदाहरणांपुरतं टेक्स_वेडांचं ऐका, मास्तर.

गणित_मास्तर

@ऐकून_शिकते ताई, तुमचं वाचून दोन दिवस पुस्तिकेला हात लावला नाही. मग लावला.

झालेलं काम सांगतो. सगळ्या कमांड एका फाइलीत घातल्या, १४३ भरल्या. प्रत्येकीला शेवटी अर्धविराम, मग पडदा कुठलाही असो. बॅचमध्ये चालवल्या. छापील उत्तराशी ताडताना माझ्या हाताने टाइप केलेल्या ९ चुका सापडल्या, त्यातली एक ऋण चिन्हाची, जी दोन वर्षं मुलांनी इमानेइतबारे जर्नलमध्ये उतरवली आणि मी त्यावर सही केली. कुणीही, अगदी एक्स्टर्नलनीही, पकडली नव्हती. नोटबुकवाले, तुम्हाला चहा लागू.

प्रत्येक कमांडखाली एका ओळीचं उत्तर. अवघड अशा २६ ठिकाणी त्याखाली टाइपसेट रूप, टक्क्यासकट! ई वर टक्का विचित्र दिसतो, पण असू दे. पहिल्या प्रकरणात "एकच उत्तर, तीन पडदे" असं एक पान. एक्स्टर्नलना तेच पान उघडून दाखवणार. स्वाध्यायांखाली खडू_फळा सरांचे चौकोन. पानं ४६ झाली, झेरॉक्सवाला म्हणतो चालेल.

वेबपानाची फाइल मॅथएमएल घालून केली आहे, तुम्हाला निरोपातून पाठवली. ऐकून सांगा.

ऐकून_शिकते

मिळाली. काल रात्री बसून पहिली तीन प्रकरणं ऐकली. मराठी वाक्य, मग इंग्रजी कमांड, मग पुन्हा मराठी: आवाज बदलताना एनव्हीडीए जरा अडखळतो, पण सवय होते. अपूर्णांकात आत शिरता येतंय. "विचार करतंय सर ते" हा किस्सा तळटिपेत घातलात ते आवडलं.

फक्त तिसऱ्या प्रकरणात, सातव्या उदाहरणाखाली अजून "डॅश डॅश डॅश" ऐकू आलं.

गणित_मास्तर

सापडलं. एक रांगोळी राहिली होती. पुसली. नवीन फाइल पाठवतोय, झेरॉक्सवाल्याला पण फोन केला. त्याने नऊ प्रती आधीच काढल्या होत्या.